कालामुख : एका लुप्त शैव मठपरंपरेचा इतिहास आणि त्याच्या साधनांचा प्रश्न

भारतीय धर्मेतिहासात काही संप्रदाय असे आहेत की, त्यांचा प्रभाव एकेकाळी राजसभेपासून गावच्या देवळापर्यंत पोचलेला होता. परंतु त्यांचा स्वतःचा आवाज मात्र आज ऐकू येत नाही. त्यांच्याविषयी जे कळते ते इतरांच्या तोंडून कळते. कालामुख हा शैव संन्याशांचा संप्रदाय त्यांपैकी एक. नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत कर्नाटकाच्या मोठ्या भागात आणि आंध्र व तमिळ प्रदेशांतील काही ठिकाणी या संन्याशांचे मठ होते. त्यांच्याकडे मोठमोठ्या देवस्थानांचा कारभार होता, विद्यादानाची केंद्रे होती आणि राजांनी दिलेल्या जमिनी होत्या. चौदाव्या शतकानंतर मात्र त्यांचा मागमूस राहिला नाही. हा संप्रदाय काय होता आणि तो कसा नाहीसा झाला, या दोन प्रश्नांची उत्तरे एका तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहेत : त्याच्याविषयी साक्ष देणाऱ्यांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा?

लकुलीश आणि पाशुपत परंपरा

कालामुखांचे मूळ पाशुपत मतात आहे. या मताचा प्रवर्तक म्हणून लकुलीशाचे नाव घेतले जाते. गुजरातेतील कायावरोहण, म्हणजे आजचे कारवण, येथे शिवाने अवतार घेतला आणि कुशिक, गार्ग्य, मित्र व कौरुष्य या चार शिष्यांना उपदेश केला, अशी परंपरा आहे. या परंपरेचा ऐतिहासिक आधार मथुरेच्या स्तंभलेखामुळे बळकट झाला. गुप्त संवत् ६१ मधील, म्हणजे इ.स. ३८० च्या, या लेखात उदिताचार्य हा कुशिकापासून दहावा असल्याचे सांगितले आहे. त्यावरून लकुलीशाचा काळ इ.स. च्या दुसऱ्या शतकाच्या आसपास मानला जातो. हा लेख संपादित करणारे देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी एकलिंगजी येथील इ.स. ९७१ च्या लेखाच्या आधारे त्यापूर्वीच लकुलीश संप्रदायाच्या इतिहासाची मांडणी केली होती. हातात दंड धारण केलेल्या लकुलीशाच्या प्रतिमा जोगेश्वरी आणि वेरूळ येथील लेण्यांतही आहेत. सहाव्या शतकात या मताचा प्रसार पश्चिम दख्खनमध्ये झालेला होता, हे त्यांवरून दिसते.

पाशुपतांची साधना कशी होती हे जाणण्याचे साधन दीर्घकाळ उपलब्ध नव्हते. इ.स. १९४० मध्ये त्रिवेंद्रम येथून कौंडिन्याच्या भाष्यासह 'पाशुपतसूत्र' प्रसिद्ध झाले आणि ही उणीव भरून निघाली. या ग्रंथानुसार साधकाची वाटचाल टप्प्याटप्प्याने होते. प्रथम तो देवळाच्या आश्रयाने राहतो, दिवसातून तीन वेळा भस्मस्नान करतो, भस्मातच शयन करतो आणि हास्य, गीत, नृत्य, हुंकार, नमस्कार व जप यांचा उपहार देवाला अर्पण करतो. दुसऱ्या टप्प्यात तो देऊळ सोडतो, संप्रदायाच्या खुणा लपवतो आणि लोकांत वेड्यासारखा वावरतो. झोपेचे सोंग घेऊन घोरणे, अंगाला कंप सुटल्यासारखे दाखवणे, लंगडत चालणे, असंबद्ध बोलणे असे वर्तन तो मुद्दाम करतो. लोकांनी आपला अवमान करावा हाच त्याचा हेतू असतो. निंदा करणाऱ्याचे पुण्य साधकाकडे येते आणि साधकाचे पाप निंदकाकडे जाते, अशी यामागची धारणा. त्यानंतर गुहा किंवा ओसाड घर, पुढे स्मशान आणि अखेर रुद्राशी सायुज्य व दुःखाचा अंत, असा हा क्रम आहे.

या साधनेचा येथे विस्ताराने उल्लेख करण्याचे कारण असे की, तिच्यात एक महत्त्वाची सूचना दडलेली आहे. ज्या परंपरेत निंदा ओढवून घेणे हीच साधनेची एक पायरी आहे, त्या परंपरेविषयी बाहेरच्यांनी केलेली निंदा वाचताना इतिहासकाराला दुप्पट सावध राहावे लागते. अशी निंदा निव्वळ खोटी असेलच असे नाही, आणि ती पूर्ण सत्य असेलच असेही नाही.

प्रतिपक्षाची साक्ष

कालामुखांचे सर्वाधिक परिचित वर्णन श्रीवैष्णव आचार्यांच्या ग्रंथांत आढळते. यामुनाचार्यांच्या 'आगमप्रामाण्य' या ग्रंथात आणि त्यांच्या मागोमाग रामानुजाचार्यांच्या 'श्रीभाष्या'त शैवांच्या विविध पंथांचे खंडन आहे. त्या ओघात कालामुखांचे आचार सांगितले आहेत : कवटीच्या पात्रातून भोजन, प्रेताच्या भस्माने स्नान, त्या भस्माचे भक्षण, दंडधारण, सुराकुंभाची स्थापना आणि त्या कुंभातच देवाची पूजा. या आचारांमुळे इहलोकीची व परलोकीची सर्व फले मिळतात असे ते मानतात, असेही तेथे म्हटले आहे.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या वैष्णव, शैव व इतर लहान धर्मपंथांविषयीच्या १९१३ च्या प्रसिद्ध ग्रंथात कालामुखांचा परिचय करून देताना रामानुजाचार्यांच्या याच वर्णनाचा आधार घेतलेला आहे. भांडारकरांचा अधिकार मोठा असल्याने पुढच्या अनेक ग्रंथांत कालामुख म्हणजे कापालिकांचाच एक उग्र प्रकार, अशी समजूत रूढ झाली. 'काळ्या तोंडाचे' हे नाव या समजुतीला पोषकच होते. हे नाव शब्दशः घेतले जात होते याचा पुरावा तमिळ प्रदेशात मिळतो. पुदुक्कोट्टै भागातील कोडुंबाळूर येथील संस्कृत लेखात या संन्याशांना 'असितवक्त्र' असे म्हटले आहे. त्यांच्या चेहऱ्यावरील काळ्या खुणेवरून हे नाव पडले असावे, असे मत मांडले गेले आहे.

शिलालेखांची साक्ष

याच कोडुंबाळूर लेखातील बाकीचा मजकूर मात्र यामुनाचार्यांच्या वर्णनाशी जुळत नाही. विक्रमकेसरी या इरुक्कुवेळ अधिपतीने विद्याराशी आणि तपोराशी यांचा शिष्य मल्लिकार्जुन याला एक मोठा मठ दिला आणि पन्नास असितवक्त्र तपस्व्यांच्या अन्नासाठी अकरा गावे नेमून दिली, असा हा उल्लेख आहे. यात मठ, गुरुशिष्यपरंपरा आणि नियमित उत्पन्न यांचे चित्र दिसते; स्मशान आणि सुराकुंभ यांचे नाही.

कर्नाटकातील लेखांत हे चित्र अधिक स्पष्ट होते. मठाधिपतींची नावे बहुधा 'शक्ती', 'राशी' किंवा 'आभरण' या पदांनी संपतात. संप्रदायाचे दोन मोठे विभाग होते : शक्तिपर्षद आणि सिंहपर्षद. शक्तिपर्षदेत पर्वतावली आणि भुजंगावली अशा शाखा होत्या. पर्वतावली हे नाव श्रीशैलावरून, म्हणजे श्रीपर्वतावरून, आलेले दिसते. याच शाखेतील 'मूवर कोणेय संतती' ही परंपरा बाराव्या शतकात विशेष प्रभावी ठरली आणि तिचे मुख्य केंद्र बळ्ळिगावे येथे होते.

बळ्ळिगावे, आजचे शिवमोग्गा जिल्ह्यातील बळ्ळिगावी, ही बनवासी प्रांताची समृद्ध राजधानी होती. तेथे शैव, वैष्णव, जैन आणि बौद्ध अशी सर्व मतांची देवस्थाने होती. गावातील पंचलिंग मठाच्या लकुलीश्वर पंडिताला चालुक्य राजा दुसरा जयसिंह याने इ.स. १०३५ च्या सुमारास दान दिले. त्या लेखात या पंडिताने वादात जिंकलेल्या प्रतिपक्षांची लांबलचक यादी आहे. जैन, बौद्ध, मीमांसक अशा सर्वांशी तर्काच्या बळावर लढणारा वादपटू, अशी त्याची प्रतिमा त्यातून उभी राहते. म्हणजे या मठांचा मान केवळ तपश्चर्येवर नव्हता. शास्त्रार्थातील विजय हाही त्याचा एक आधार होता.

बळ्ळिगावेतील दुसरा मठ म्हणजे कोडियमठ. कन्नडमध्ये 'कोडी' म्हणजे तळ्याचे जादा पाणी बाहेर पडण्याची जागा. तळ्याकाठी दक्षिणकेदारेश्वराचे देऊळ होते आणि त्याला लागून हा मठ. केदारशक्ती, श्रीकंठ, सोमेश्वर, गौतम आणि वामशक्ती अशी त्याच्या आचार्यांची परंपरा लेखांतून मिळते. कलचुरी राजा बिज्जळ बळ्ळिगावे येथे आला असता इ.स. ११६२ मध्ये त्याने या मठाला दान दिले. त्या प्रसंगीच्या लेखातील मठाचे वर्णन मध्ययुगीन भारतातील विद्याकेंद्रांच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. चारही वेद सांगोपांग शिकवले जात असल्याचे त्यात म्हटले आहे. कौमार, पाणिनीय, शाकटायन इत्यादी व्याकरणे; न्याय, वैशेषिक, मीमांसा, सांख्य आणि बौद्ध अशी दर्शने; लाकुलसिद्धान्त आणि पातंजल योग; अठरा पुराणे, धर्मशास्त्रे, काव्य आणि नाट्य हे सारे अभ्यासविषय तेथे सांगितले आहेत. दीन, अनाथ, पंगू, अंध, बधिर यांना तेथे अन्न मिळे; गायक, वादक, नर्तक यांनाही मिळे. नग्न क्षपणक, एकदंडी, त्रिदंडी, हंस, परमहंस अशा निरनिराळ्या पंथांच्या भिक्षूंना आश्रय होता. ज्यांचे कोणी नाही अशा रोग्यांवर उपचार होत आणि सर्व प्राणिमात्रांना तेथे अभय होते.

या लेखातील दोन गोष्टींकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. एक, ज्या बौद्धांना आणि जैनांना वादात जिंकल्याचा अभिमान हा संप्रदाय बाळगत होता, त्यांचे दर्शन मठात शिकवले जात होते आणि त्यांच्या भिक्षूंना पंगतीत स्थान होते. दोन, ज्या आचार्यांना श्रीवैष्णव ग्रंथकार वेदबाह्य ठरवतात, त्यांच्याच मठात वेदाध्ययन चाले असे हा लेख सांगतो.

राजांच्या दृष्टीने या मठाधिपतींना किती महत्त्व होते, याचे उदाहरण गदग येथे मिळते. तेथील त्रिकूटेश्वर देवस्थानाचा प्रमुख सिद्धान्ती चंद्रभूषण पंडित हा कालामुख आचार्यांच्या परंपरेतील होता. देवगिरीच्या यादव सत्तेचा संस्थापक पाचवा भिल्लम याने शके १११३, म्हणजे इ.स. ११९१ मध्ये त्याच्याकडे देवस्थानासाठी दान दिले. लगेच पुढच्या वर्षी, इ.स. ११९२ मध्ये, भिल्लमाचा प्रतिस्पर्धी होयसळ राजा दुसरा वीरबल्लाळ यानेही त्याच देवस्थानाला त्याच आचार्याच्या हाती दान दिले. कृष्णा-तुंगभद्रेच्या परिसरासाठी दोन राजांत लढाई चालली होती. परंतु मठाधिपती बदलला नाही. जिंकणाऱ्याला आपली सत्ता लोकांत रुजवण्यासाठी अशा मठाची मान्यता हवी होती, आणि मठाला कोणत्याही सत्तेकडून संरक्षण हवे होते.

दोन साक्षींचा मेळ

शिलालेखांच्या आधारे कालामुखांचा पहिला सविस्तर अभ्यास डेव्हिड लोरेन्झन यांनी कापालिक व कालामुख यांच्यावरील १९७२ च्या ग्रंथात केला. कालामुख हे विद्वान, मठवासी पाशुपत होते. यामुनाचार्य आणि रामानुजाचार्य यांनी त्यांच्याविषयी दिलेले वर्णन बहुतांशी कापालिकांचे असून ते चुकीने किंवा हेतुपुरस्सर त्यांच्या माथी मारलेले आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. साठ-सत्तर वर्षांची रूढ समजूत त्यामुळे मागे पडली.

तथापि प्रश्न येथे संपला नाही. अलेक्सिस सॅंडरसन यांनी २००६ मध्ये लाकुल मताविषयी मांडलेल्या संशोधनाने तो पुन्हा खुला केला. नेपाळात हस्तलिखितरूपाने टिकून राहिलेल्या 'निःश्वासतत्त्वसंहिते'च्या मुखभागात पाशुपतांच्या पुढच्या एका वर्गाचे व्रत सांगितले आहे. त्यात कपालपात्र आणि अस्थींचे अलंकार यांना स्थान आहे. कालामुख हे याच लाकुल वर्गातले होते, आणि म्हणून यामुनाचार्यांच्या वर्णनाला काही प्रत्यक्ष आधार असावा, असे सॅंडरसन यांचे प्रतिपादन आहे. काश्मिरातील शैव ग्रंथकारांना या वर्गाचे 'प्रमाण' नावाचे ग्रंथ माहीत होते. आज ते उपलब्ध नाहीत.

या दोन मतांपैकी एकच निवडण्याची आवश्यकता आहे काय, हा खरा प्रश्न आहे. शिलालेख हा दानाचा दस्तऐवज असतो. कोणी, कोणाला, कशासाठी, किती दिले हे तो नोंदवतो. आणि ज्याला दिले त्याची योग्यता सांगणे हा त्याचा भाग असतो. यम, नियम, स्वाध्याय, ध्यान, धारणा, मौन, जप, समाधी या गुणांची माळ अशा लेखांत अनेक आचार्यांना घातलेली आढळते. ती ठरीव साच्याची आहे. दीक्षित साधकाने एकांतात कोणते व्रत आचरावे, हे दानपत्रात नोंदवले जाण्याचे कारण नाही. उलट खंडनग्रंथाचे प्रयोजन वेगळे. तो प्रतिपक्षाचे अन्नछत्र आणि पाठशाळा पाहत नाही. त्याच्या आचारांतील जे सर्वांत धक्कादायक तेवढेच उचलतो आणि तेच त्या पंथाचे संपूर्ण स्वरूप असल्याचे भासवतो. म्हणून एक साधन संस्थेविषयी बोलते, दुसरे व्रताविषयी. एकाच मठात शेकडो विद्यार्थी व्याकरण शिकत असतील आणि थोडे दीक्षित कठोर व्रत आचरत असतील, तर दोन्ही साक्षी आपापल्या जागी खऱ्या ठरू शकतात. मात्र निंदकाचे वर्णन संस्थेच्या नित्य जीवनाचे वर्णन मानणे ही चूक होती. तशीच दात्याच्या स्तुतीला साधनेचा संपूर्ण तपशील मानणे हीही चूक ठरेल.

लोपाची कारणे

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या बिज्जळाने कोडियमठाला दान दिले, त्याच्याच कल्याण नगरीत बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली. पुढील काळातील वीरशैव कथाग्रंथ बिज्जळाला जैन म्हणून रंगवतात, इ.स. ११६२ च्या लेखात मात्र तो शैव मठाचा उदार दाता आहे. अल्लमप्रभूंचा जन्म परंपरेनुसार बळ्ळिगावेचा. अक्कमहादेवींचे उडुतडीही त्याच परिसरातले. म्हणजे कालामुखांचे मुख्य केंद्र आणि वचनकारांची एक महत्त्वाची भूमी एकच होती.

दोन्ही पक्ष शिवाला परमदैवत मानत. तरीही त्यांच्यातील अंतर मूलगामी होते. कालामुख मठाचा आधार स्थावर लिंग, देवळाची जमीन, राजाचे दान आणि संस्कृत शास्त्राध्ययन हा होता. वचनकारांनी लिंग देवळातून काढून भक्ताच्या देहावर आणले, संस्कृताऐवजी कन्नडचा आश्रय केला आणि विविध जातींतील व व्यवसायांतील स्त्रीपुरुषांना भक्तमंडळात स्थान दिले. मठाने लंगड्या-आंधळ्यांना अन्न दिले होते, पण आचार्यपद मात्र दीक्षित संन्याशांकडेच होते. नव्या चळवळीत कष्टकरी माणूस स्वतःच बोलू लागला. हा फरक सामाजिकदृष्ट्या निर्णायक ठरला.

राजकीय परिस्थितीही बदलली. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता बाराव्या शतकाच्या अखेरीस संपली, कलचुरींचीही टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव आणि होयसळ या दोन्ही सत्ता लयाला गेल्या. राजदानावर उभा असलेला मठ दाता नाहीसा होताच दुबळा होतो. घरोघरच्या भक्तांवर उभ्या असलेल्या वीरशैव मठांना हे संकट त्या प्रमाणात बाधले नाही. तेराव्या शतकापासून कालामुखांचे लेख विरळ होत जातात आणि त्यांच्या जुन्या ठिकाणी वीरशैव मठ दिसू लागतात. एस. सी. नंदीमठ यांनी १९४२ मधील आपल्या ग्रंथात कालामुख मठांचे वीरशैव मठांत रूपांतर झाले असे मत मांडले आणि पुढील बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केले. या रूपांतरासाठी मोठ्या संघर्षाची कल्पना करण्याची गरज नाही. वास्तू, जमीन, गुरुशिष्यपरंपरेची चौकट आणि शिवोपासना कायम राहिली. दीक्षेचे स्वरूप, भाषा आणि नाव बदलले.

संप्रदायाचा अखेरचा ठळक उल्लेख विजयनगरच्या आरंभकाळी मिळतो. काशीविलास क्रियाशक्ती हा राजगुरू कालामुख परंपरेतील होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा शिष्य माधवमंत्री याने इ.स. १३६८ मध्ये ऐंशी काश्मिरी ब्राह्मणांना गाव दान दिले. 'सूतसंहिते'वरील 'तात्पर्यदीपिका' ही टीका त्याचीच. बहमनी सत्तेकडून गोवा परत घेऊन तेथील सप्तनाथाच्या लिंगाची पुनःस्थापना केल्याचे श्रेय त्याला दिले जाते. पुढे सप्तकोटेश्वर म्हणून प्रसिद्ध असलेल्या या देवाच्या इतिहासात कालामुख परंपरेचा हा शेवटचा धागा गुंतलेला आहे.

समारोप

हेमावती येथील इ.स. ९४३ च्या एका लेखात असे म्हटले आहे की, आपले नाव आणि सिद्धान्त लोक विसरतील या भीतीने लकुलीशाने मुनिनाथ चिल्लुक या रूपाने पुन्हा जन्म घेतला. विस्मृतीची जाणीव या परंपरेला तिच्या भरभराटीच्या काळातच होती, हे यावरून दिसते. ती भीती खरी ठरली. प्रतिपक्षाने तिची निंदा जपली, दात्यांनी स्तुती जपली आणि उत्तराधिकाऱ्यांनी वास्तू जपल्या. तिचे ग्रंथ मात्र कोणीही जपले नाहीत.

म्हणून कालामुखांच्या इतिहासाचे महत्त्व एका विस्मृत पंथाच्या ओळखीपुरते मर्यादित नाही. संप्रदाय नाहीसा होतो तेव्हा तो नेहमी मारला जातो असे नाही; पुष्कळदा तो दुसऱ्याच्या नावाने जगत राहतो. आणि ज्याचे स्वतःचे शब्द उरलेले नाहीत त्याच्याविषयी लिहिताना, प्रत्येक साक्षीदार कोणत्या कारणासाठी बोलत आहे हे आधी विचारावे लागते. बळ्ळिगावेच्या तळ्याकाठचे केदारेश्वराचे देऊळ आजही उभे आहे. तेथील शिलालेख व्याकरणाच्या अध्ययनाविषयी सांगतो आणि कोणी नसलेल्या रोग्याला मिळणाऱ्या औषधाविषयीही सांगतो. या संप्रदायाचा इतिहास लिहिताना निंदकांच्या वर्णनाबरोबर ही नोंदही वाचली गेली पाहिजे.